चहाचे आधण आणि घरातली वीज

२००९ साली आमचा भाचा पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला गेला. सामानात मेतकूट, भाजणी आणि चहाची पावडर होतीच. शिवाय पुण्याच्या वसतिगृहात चार वर्षे वापरलेली विजेची किटलीही त्याने बरोबर घेतली होती. पंधरा दिवसांनी फोन आला, "मामा, किटली बिघडली वाटतं. बंद पडलेली नाही, पण पाणी तापता तापत नाही." आम्ही वर्गात उत्तर द्यावे तसे तत्काळ उत्तर दिले, "अरे, तिथे व्होल्टेज आपल्या निम्मे असते. वेळ दुप्पट लागणारच." दुसऱ्या दिवशी त्याने घड्याळ लावून मोजले आणि पुन्हा फोन केला. पुण्यात एक लिटर पाण्याला चार मिनिटे लागत. तिथे सोळा लागली. "दुप्पट नाही मामा, चौपट!"

वीस वर्षे विद्युतधारा शिकवून आम्ही हे चुकलो होतो. चूक कबूल करण्याखेरीज इलाज नव्हता. पण ती नेमकी कुठे झाली ते पाहण्यासारखे आहे, कारण हीच चूक उलट्या दिशेने केली तर घराला आग लागू शकते.

किटलीच्या तळाशी नायक्रोमच्या तारेचे वेटोळे असते. ते तापते आणि पाण्याला उष्णता देते. किटलीवर १५०० वॅट असे छापलेले असते, आणि किटली कुठेही नेली तरी ती १५०० वॅटच खाईल असा आपला समज होतो. हा समज खोटा आहे. वॅटचा आकडा हा किटलीचा स्वभाव नव्हे. २३० व्होल्टला जोडल्यास ती किती शक्ती घेईल, एवढेच तो सांगतो. किटलीचा खरा स्वभाव म्हणजे तिच्या तारेचा रोध. तो सहज काढता येतो. शक्ती म्हणजे व्होल्टेजचा वर्ग भागिले रोध. म्हणून २३० चा वर्ग ५२,९००, त्याला १५०० ने भागले की सुमारे ३५ ओहम. नायक्रोमचा रोध तापमानाबरोबर फारसा बदलत नाही (बल्बच्या टंगस्टन तारेचा बराच बदलतो, म्हणून हे गणित बल्बला लावू नये), तेव्हा किटली पुण्यात असो की परदेशात, हे ३५ ओहम तिच्याबरोबरच जातात.

आता तीच किटली १२० व्होल्टला जोडू. व्होल्टेज निम्मे झाले, म्हणून तारेतून वाहणारा प्रवाह निम्मा झाला: साडेसहा अँपिअरऐवजी सुमारे ३.४ अँपिअर. आम्ही इथेच थांबलो होतो. पण शक्ती म्हणजे व्होल्टेज आणि प्रवाह यांचा गुणाकार. दोन्ही निम्मे, म्हणजे गुणाकार पाव. १२० गुणिले ३.४ केले की जेमतेम ४०८ वॅट येतात. १५०० वॅटच्या किटलीची ४०८ वॅटची किटली झाली होती.

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला सुमारे ४.१९ किलोज्यूल उष्णता लागते. २५ अंशांचे पाणी १०० अंशांपर्यंत न्यायचे तर ३१४ किलोज्यूल. १५०० वॅट म्हणजे सेकंदाला दीड किलोज्यूल. तेव्हा सुमारे २१० सेकंद, साडेतीन मिनिटे. किटलीचे अंग तापण्यात आणि हवेत थोडी उष्णता जाते, म्हणून प्रत्यक्षात चार मिनिटे. ४०८ वॅटला मात्र त्याच कामासाठी जवळजवळ तेरा मिनिटे हवीत. मग सोळा का लागली? एक तर तिथल्या नळाचे पाणी पुण्यापेक्षा गार होते. दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. तापलेली किटली सतत उष्णता गमावत असते. पाणी जितका जास्त वेळ गरम राहील तितकी ही गळती जास्त. चार मिनिटांत ती नगण्य असते, पंधरा मिनिटांत तिचा हिशेब द्यावा लागतो. आणखी हळू तापवत गेलो तर एक वेळ अशी येईल की आत येणारी उष्णता आणि बाहेर गळणारी उष्णता सारखी होईल आणि पाणी कधीच उकळणार नाही. विद्यार्थ्यांना हा प्रश्न जरूर घालावा. तो सूत्रात आकडे भरून सुटत नाही.

उलटी बाजू

आता धोक्याकडे वळू. आमच्या परिचयाच्या एका घरी अमेरिकेहून मुलीने किटली आणली होती. दिसायला देखणी, लिहिलेले १२० व्होल्ट, १५०० वॅट. पिना चपट्या असल्यामुळे आपल्या सॉकेटमध्ये बसेनात, म्हणून बाजारातून एक छोटा प्लास्टिकचा अडॅप्टर आणला. पिना बसल्या, बटण दाबले.

या किटलीचा रोध १२० च्या वर्गाला १५०० ने भागून काढावा: ९.६ ओहम. २३० व्होल्टला जोडल्यावर प्रवाह सुमारे २४ अँपिअर आणि शक्ती सुमारे साडेपाच हजार वॅट! घरातल्या छोट्या सॉकेटची क्षमता ६ अँपिअर, मोठ्याची १६. त्या घरात फ्यूजची तार वारंवार जाते म्हणून कुणीतरी तिथे तांब्याची जाड तार बांधून ठेवली होती. त्यामुळे जे सर्वांत आधी वितळायला हवे होते ते वितळले नाही, आणि जे वितळायला नको होते ते, म्हणजे अडॅप्टर, मऊ पडून काळे झाले. जळका वास आल्याबरोबर घरातल्या आजींनी मेन स्विच पाडला, म्हणून पुढचे टळले.

अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. व्होल्टेज बदलत नाही. व्होल्टेज बदलायला रोहित्र लागते, आणि दीड हजार वॅटचे रोहित्र हातात सहज धरता येण्याजोगे नसते. मोबाईलचा चार्जर दोन्ही देशांत चालतो, कारण त्याच्या आतले इलेक्ट्रॉनिक मंडल कोणतेही व्होल्टेज आपल्या सोयीचे करून घेते आणि त्याच्यावर '१०० ते २४० व्होल्ट' असे लिहिलेले असते. किटली, इस्त्री, केस वाळवण्याचे यंत्र या उष्णता देणाऱ्या वस्तूंमध्ये बहुधा ही सोय नसते. म्हणून सामान बांधताना तळाशी चिकटवलेली बारीक अक्षरांची पट्टी आधी वाचावी.

दोन व्होल्टेज आली कुठून?

एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केले ते मुख्यतः दिव्यांसाठी. त्याच्या बल्बमध्ये कार्बनचा तंतू होता. जास्त व्होल्टेज हवे तर तंतू अधिक लांब आणि अधिक बारीक करावा लागतो, आणि तो टिकत नाही. शंभर-एकशेदहा व्होल्ट ही त्या तंतूला सोसणारी मर्यादा होती. पुढे दिष्टधारा जाऊन प्रत्यावर्ती धारा आली, पण तोवर लोकांच्या घरात बसलेले दिवे त्याच व्होल्टेजचे होते. म्हणून आकडा थोडाफार सरकला तरी मुळातला राहिला.

युरोपात वीज पसरू लागली तेव्हा दिवे सुधारले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या वीज कंपनीने व्होल्टेज दुप्पट करून २२० केले. त्यामागे तांब्याचा हिशेब होता. तीच शक्ती दुप्पट व्होल्टेजने पाठवली तर प्रवाह निम्मा लागतो, आणि तारेतला अपव्यय प्रवाहाच्या वर्गावर ठरत असल्याने तो पाव होतो. म्हणजेच तेवढाच अपव्यय चालवून घेतला तर तारेतले तांबे पाव पुरते. ब्रिटनमार्फत आपल्याकडे आलेली पद्धत या दुसऱ्या घराण्यातली.

आता किटलीच्या दृष्टीने पाहू. ब्रिटनमध्ये १९४७ साली ठरलेल्या प्रमाणानुसार घरातल्या साध्या सॉकेटमधून १३ अँपिअर घेता येतात. २३० गुणिले १३ म्हणजे जवळजवळ ३००० वॅट. म्हणून तिथे तीन किलोवॅटची किटली ही मामुली वस्तू आहे. थंडीतले १० अंशांचे पाणी लिटरभर घेतले तरी ते दोन मिनिटांच्या थोडे पुढे जाऊन उकळते. अमेरिकेत साध्या सॉकेटची मर्यादा १५ अँपिअर, म्हणजे १८०० वॅट. सुरक्षिततेची जागा सोडून किटल्या १५०० वॅटच्या निघतात. त्याच पाण्याला तिथे सव्वाचार मिनिटे लागतात. इथे व्होल्टेज निम्मे आणि वेळ दुप्पट आहे, चौपट नाही! कारण तिथल्या किटलीचा रोध तिथल्या व्होल्टेजला जुळवून कमी ठेवलेला असतो आणि मर्यादा पडते ती फक्त तारांच्या प्रवाहक्षमतेची. आमचे पहिले उत्तर या प्रश्नाचे होते. भाच्याने विचारला होता तो प्रश्न वेगळा.

चहा प्यावा की कॉफी, हे व्होल्टेज ठरवते काय?

ब्रिटिश माणूस किटली लावून चहा पितो, अमेरिकन माणसाच्या घरी बहुधा किटलीच नसते आणि तो कॉफी पितो, याचे कारण ११० आणि २३० व्होल्ट, असे अनेकदा ठामपणे सांगितले जाते. सांगायला हे फार छान आहे. वर दिलेले गणितही त्याच्या बाजूने बोलते. काळ्या चहाला उकळते पाणी एकदम ओतावे लागते, म्हणजे सगळे पाणी आधी तापवावे लागते आणि माणूस ताटकळत उभा राहतो. ठिबक कॉफीच्या यंत्रात पाणी बारीक नळीतून थोडे थोडे जाताना तापते, वाफेचे बुडबुडे ते वर ढकलतात आणि कॉफी थेंब थेंब पडत राहते. हजार वॅटच्या आत हे काम निवांत होते आणि कुणाला वाट पाहिल्यासारखे वाटत नाही.

तरीही आम्हाला हे स्पष्टीकरण पुरेसे वाटत नाही. एखादे कारण खरे की नाही हे पाहायचे तर ते जिथे मोडू शकेल अशी उदाहरणे शोधावीत. कॅनडा घ्या. तिथेही घरातली वीज १२० व्होल्टचीच, पण विजेची किटली तिथल्या स्वयंपाकघरात सर्रास दिसते. जपानमध्ये तर १०० व्होल्ट, कोणाहीपेक्षा कमी. चहा सोडून देण्याऐवजी त्यांनी वेगळीच वाट काढली: आतून थर्मासासारखे असलेले मोठे विजेचे भांडे, जे पाणी सावकाश उकळवते आणि मग दिवसभर गरम ठेवते. पाणी तापायला किती वेळ लागतो हा प्रश्नच त्यांनी निकालात काढला.

उलट इटली पाहा. व्होल्टेज २३०, पण किटलीचे कौतुक नाही. १९३३ सालापासून तिथे 'मोका' हे अष्टकोनी अॅल्युमिनियमचे कॉफीपात्र गॅसवर चढते. गंमत म्हणजे इटलीतल्या बहुसंख्य घरांचा मंजूर वीजभार तीन किलोवॅटचा असतो. ब्रिटिश किटली आणि कपडे धुण्याचे यंत्र एकाच वेळी लावले तर घरातली वीज जाईल. व्होल्टेज भरपूर असूनही हात आखडता घ्यावा लागतो, तो असा.

आणि अमेरिकेतही २४० व्होल्ट घरात येतातच. खांबावरच्या रोहित्रातून दोन १२० व्होल्टच्या तारा येतात आणि त्या दोहोंमध्ये २४० व्होल्ट मिळतात. कपडे वाळवण्याचे यंत्र आणि विजेची चूल त्यावरच चालते. किटलीसाठी असे सॉकेट ओट्यावर बसवावे असे कोणाला वाटले नाही, कारण तशी मागणीच नव्हती. जो चहा तिथे खपतो त्यातला बराचसा बर्फ घालून पितात. तेव्हा सवय आधी, साधन नंतर. व्होल्टेजने त्या सवयीला फार तर टेकू दिला.

आपल्याकडे व्होल्टेज २३० आणि चहाची तल्लफ ब्रिटिशांपेक्षा तसूभर कमी नाही. तरी मराठी घरात किटली मागेच राहिली. कारण आपण चहा 'टाकतो', 'ठेवतो'. पाण्याचे आधण, त्यात साखर, आले, पावडर, मग दूध, आणि वर आलेली उकळी पाहून आच कमी करणे, हे सगळे एका पातेल्यात, सांडशी हातात धरून. किटलीत दूध घातले तर तळाच्या तापलेल्या पत्र्यावर प्रथिने चिकटून करपतात आणि फेस तोटीतून बाहेर येतो. शिवाय बटण आपोआप बंद होण्याची करामत पाण्याच्या वाफेवर बेतलेली असते. किटलीच्या वरच्या भागातून एक वाट मुठीतल्या द्विधातूच्या पट्टीकडे नेलेली असते. पाणी उकळले की वाफेचा लोट पट्टीवर येतो, दोन धातू कमीजास्त प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि बटण पडते. पट्टीला १०० अंश मोजायचे नसतात, वाफ ओळखायची असते. म्हणूनच महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशांना उकळले तरी किटली वेळेवर बंद होते. आणि झाकण उघडे ठेवले तर पुण्यातही होत नाही. हे स्वयंचलित बटण ब्रिटिश किटल्यांत १९५५च्या सुमारास आले.

लाखो किटल्या एकदम

तीन किलोवॅटच्या किटलीची सवय साऱ्या देशाला लागली की काय होते, ते ४ जुलै १९९० रोजी दिसले. विश्वचषक फुटबॉलचा उपांत्य सामना, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. पेनल्टी किकवर इंग्लंड हरले. सामना संपताच ब्रिटनभर लोक खुर्च्यांतून उठले, दिवे लागले, किटल्या लागल्या, आणि विजेची मागणी काही मिनिटांत सुमारे २८०० मेगावॅटने चढली. नुसत्या किटल्यांचाच हिशेब धरला तरी ही नऊ-दहा लाख किटल्यांची मागणी होते. कोळशाचे केंद्र इतक्या घाईने उत्पादन वाढवू शकत नाही. यासाठी वेल्समध्ये डिनॉर्विग येथे डोंगराच्या पोटात १९८४ साली उदंचन जलविद्युत केंद्र उभारलेले होते. रात्री स्वस्त विजेने पाणी वरच्या तळ्यात चढवायचे आणि गरज पडताच खाली सोडायचे. पाणचक्क्या आधीच हवेत फिरत ठेवल्या असतील तर हे केंद्र बारा-पंधरा सेकंदांत १३०० मेगावॅटपर्यंत पोचते. आपल्याकडे याच तत्त्वावरचे घाटघरचे २५० मेगावॅटचे केंद्र २००८ साली सुरू झाले.

आपल्या देशात याच्या नेमके उलटे ५ एप्रिल २०२० च्या रात्री नऊ वाजता घडले. नऊ मिनिटे दिवे मालवण्याचे आवाहन होते. मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने उतरली आणि पुन्हा चढली. तो चढउतार मुख्यतः जलविद्युत केंद्रांनीच सांभाळला.

शाळेत करून पाहण्यासारखे

शिक्षकखोलीत किटली असेल तर तिच्यापासून एक चांगला प्रयोग होतो. तीन पिनांचे, अर्थिंग नीट असलेले १६ अँपिअरचे सॉकेट वापरावे, कारण १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर घेते आणि लहान सॉकेटला ते थोडे जास्तच होतात. बटण शिक्षकांनीच दाबावे. एक लिटर पाणी मोजून घालावे, आरंभीचे तापमान नोंदवावे, दोन मिनिटे किटली चालू ठेवावी. मग ती बंद करून, बैठकीवरून उचलून, पाणी ढवळून पुन्हा तापमापी बुडवावी. किटली चालू असताना तापमापी आत घालू नये. १५०० वॅट दोन मिनिटांत १८० किलोज्यूल देतात; त्यातून पाणी ४३ अंशांनी तापायला हवे. प्रत्यक्षात ते कमी तापते. किती कमी, यावरून किटलीची कार्यक्षमता निघते.

त्याच वेळी दोन विद्यार्थ्यांना वीजमीटरपाशी उभे करावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि किती लुकलुकींना एक युनिट ते शेजारी लिहिलेले असते. ३२०० असतील तर १५०० वॅटला मिनिटाला ८० लुकलुकी व्हायला हव्यात. इतर दिवे-पंखे आधी बंद करावेत.

आकडा ८० पेक्षा बराच कमी आला तर मीटरवर संशय घेण्याची घाई करू नये. गावाकडच्या शाळांत, विशेषतः शेतीपंप चालू असताना, व्होल्टेज पडलेले असते. ते १८० असेल तर १८० भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे ०.६१. किटली ९२० वॅटचीच उरते आणि मिनिटाला ४९ लुकलुकी होतात. म्हणजे व्होल्टमापी नसतानाही किटली आणि घड्याळ यांवरून आपल्या शाळेतले व्होल्टेज काढता येते. आम्ही हे एका दुपारी दोनदा करून पाहिले. पंप चालू असताना १८६ व्होल्ट आले आणि पंप बंद झाल्यावर २२४. व्होल्टेज पडले म्हणून चहा महाग होतो का, असे नववीतल्या एका मुलीने विचारले. तिला लुकलुकींची एकूण संख्या मोजायला सांगितले. दोन्ही वेळी पाणी उकळेपर्यंत ती जवळजवळ सारखीच भरली. पडत्या व्होल्टेजच्या वेळी थोडी जास्त. ती थोडी का जास्त, हे तिने स्वतःच सांगितले.

ही किटली भाच्याचीच. तिथे त्याने महिनाभरात १२० व्होल्टची दुसरी घेतली, पण दुधाचा चहा तो विजेच्या चुलीवर पातेल्यातच करतो. दोन वर्षांनी सुट्टीवर आला तेव्हा जुनी किटली परत घेऊन आला. शिक्षकखोलीतल्या सॉकेटला लावली आणि चार मिनिटांत पाणी उकळले.